आईने घरात शिकवलेला हिशोब घेऊन वर्ध्यात आले आणि गांधीजींचे अर्थतज्ज्ञ झाले

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की मोबाईल उघडायची खोटी, समोर नुसता नाताळ.

दारात लावलेल्या चांदण्या, प्लम केक, लाल टोप्या घालून उभी केलेली लहान पोरं. ख्रिस्ती घरांत तर गडबड आधीपासूनच सुरू असते. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या होतात. घराच्या एका कोपऱ्यात पेंढा पसरून गव्हाणी मांडली जाते. पोरांचं सगळं लक्ष मात्र एकाच गोष्टीकडं असतं, यंदा आपल्याला काय मिळणार?

यात पोरांची काही चूक नाही. सण म्हणजे मिळणं, हे त्यांना मोठ्यांनीच शिकवलेलं असतं.

पण सव्वाशे वर्षांपूर्वी तमिळ मुलखात एक ख्रिस्ती घर असं होतं, जिथली आई पोरांना उलटं गणित शिकवत होती. त्या घरातला एक मुलगा पुढं लंडनला गेला, अमेरिकेला गेला, मुंबईत बक्कळ पैसा कमावला आणि शेवटी सगळं सोडून वर्ध्याला आला. आजही वर्धा शहरात मगनवाडी म्हणून जो परिसर आहे, तिथं त्याने आयुष्याची उमेदीची वर्षं घालवली.

त्यांचं नाव जे. सी. कुमारप्पा. गांधीजींचे अर्थतज्ज्ञ.

वर्ध्याचं नाव निघालं की गांधीजी, विनोबा आणि जमनालाल बजाज आठवतात. कुमारप्पांचं नाव मागं पडतं. म्हणून ही गोष्ट.

तंजावरचं कॉर्नेलियस घराणं

४ जानेवारी १८९२ ला तंजावरमध्ये एका ख्रिस्ती कुटुंबात मुलगा झाला. नाव ठेवलं जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस. वडील सॉलोमन कॉर्नेलियस सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला. माणूस वक्तशीर आणि कडक शिस्तीचा. आई एस्थर मनाने मऊ, पण पैशाच्या बाबतीत एकदम पक्की.

घरात पोरंबाळं बरीच. सरकारी नोकरी असल्यामुळं खायची ददात नव्हती. पण आईचं म्हणणं होतं की आपल्याला मिळतं त्यात दुसऱ्याचा वाटा असतो आणि तो आधी बाजूला काढायचा. ख्रिस्ती लोकांमध्ये उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाच्या कामाला द्यायची जुनी पद्धत आहे. त्याला दशांश म्हणतात. बऱ्याच घरांत दशांश हा फक्त मोठ्यांचा विषय असतो. या घरात तो पोरांपर्यंत आला.

त्यांच्या लहानपणाची एक आठवण सांगितली जाते. आईने पोरांना कोंबड्या आणि टर्की पाळायला लावल्या होत्या. त्या विकून पैसे यायचे. पण ते पैसे पोरांच्या खाऊला किंवा खेळण्यांना मिळत नसत. ते गरजू माणसांच्या मदतीला जायचे.

आता टर्की हा पक्षी आपल्याकडचा नाही. त्याला मागणी असते ती नाताळात. त्या काळात मद्रास इलाख्यात इंग्रज साहेबांची घरं होती आणि नाताळच्या जेवणात टर्की हा त्यांचा मानाचा पदार्थ. म्हणजे ज्या सणाला बाकीची पोरं आपल्याला काय मिळणार याची वाट बघतात, त्याच सणाच्या पक्ष्यावर ही पोरं देणं शिकत होती.

वरवर बघितलं तर ही साधी गोष्ट आहे. पण लहान पोराच्या जागी उभं राहून बघा. पक्षी पाळायचा म्हणजे रोज दाणापाणी बघावं लागतं. मांजर, मुंगूस यांच्यापासून त्याला जपावं लागतं. लळा लागतो. आणि इतकं करून आलेली कमाई आपली नाही, हे समजून घ्यावं लागतं. कष्ट, खर्च, नफा आणि त्या नफ्यावर हक्क कुणाचा, एवढं सगळं अर्थशास्त्र त्या अंगणात होतं.

पुढं जाऊन कुमारप्पांनी ज्या विचाराची मांडणी केली, त्याचं बी इथं पडलं होतं.

सुटाबुटातला हिशोबनीस

शिक्षण झाल्यावर जोसेफ कॉर्नेलियस लंडनला गेले. तिथं हिशोब तपासणीचं रीतसर शिक्षण घेतलं, काही काळ कामही केलं. पहिलं महायुद्ध संपल्यावर ते भारतात परतले आणि मुंबईत स्वतःची फर्म काढली. कॉर्नेलियस अँड दावर असं तिचं नाव. धंदा जोरात चालला. उंची कपडे, इंग्रजी राहणी, इंग्रजी बोलणं. बघणाऱ्याला वाटावं की हा माणूस काळा साहेबच आहे.

तिशी ओलांडल्यावर त्यांना पुन्हा शिकावंसं वाटलं. ते अमेरिकेला गेले. सिराक्यूज विद्यापीठातून १९२८ मध्ये पदवी घेतली आणि मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला लागले. तिथं त्यांचे प्राध्यापक होते एडविन सेलिग्मन. सार्वजनिक वित्त या विषयातलं त्या काळातलं जगातलं मोठं नाव.

तिथं त्यांनी एका चर्चमध्ये भाषण दिलं. विषय होता, भारत गरीब का आहे? या भाषणाची बातमी पेपरात छापून आली आणि ती सेलिग्मन यांच्या वाचनात आली. त्यांनी आपल्या विद्यार्थ्याला सांगितलं की याच विषयावर अभ्यास कर.

कॉर्नेलियस यांनी सरकारी आकडे काढून बघितले. भारतातून कर किती गोळा होतो, त्यातला सैन्यावर किती जातो, इंग्रजांच्या कर्जावर आणि पगारावर किती जातो, शेतकऱ्याच्या वाट्याला काय येतं. हिशोबनीसाची नजर होतीच. हिशोब बघितल्यावर त्यांना कळलं की भारत गरीब नाही, त्याला गरीब केलं जातंय. आपण ज्या साहेबी राहणीत रमलोय, तिचं बिल कुणाच्या नावावर फाटतंय हेही त्यांना दिसायला लागलं.

१९२९ मध्ये ते भारतात परत आले ते हा प्रबंध घेऊनच. याच सुमारास त्यांनी आणि त्यांच्या भावांनी कॉर्नेलियस हे आडनाव सोडून कुमारप्पा हे घराण्यातलं जुनं नाव घेतलं. धर्म तोच राहिला, नाव मातीतलं आलं.

झाडाखाली बसलेला म्हातारा

प्रबंध छापायचा होता. कुणीतरी सुचवलं की गांधीजींना दाखवा. ९ मे १९२९, दुपारी अडीचची वेळ ठरली, साबरमती आश्रमात.

कुमारप्पा रेशमी सूट घालून, हातात काठी घेऊन पोहोचले. अतिथीगृहात बघितलं तर एक खाट सोडली तर खोलीत काहीच नाही. वैतागून ते बाहेर फिरायला निघाले. वाटेत एका झाडाखाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा सूत कातत बसलेला दिसला. यापूर्वी चरखा कधी बघितलेला नव्हता, त्यामुळं ते काठीवर रेलून बघत उभे राहिले.

काही मिनिटांनी म्हाताऱ्याने कमरेचं घड्याळ काढून बघितलं. बरोबर अडीच वाजले होते. त्याने विचारलं, तुम्हीच कुमारप्पा का? तेव्हा यांच्या डोक्यात प्रकाश पडला की समोर बसलेत ते गांधीजी आहेत.

मग कुमारप्पा रेशमी सुटाची पर्वा न करता तिथंच सारवलेल्या जमिनीवर बसले. कुणीतरी खुर्ची आणून दिली, पण ते उठले नाहीत.

गांधीजींनी त्यांचा प्रबंध आपल्या यंग इंडियामध्ये क्रमशः छापला. आणि त्यासोबत एक काम गळ्यात घातलं. गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्यात जा आणि तिथल्या खेड्यांची आर्थिक पाहणी कर. कुमारप्पांना गुजराती येत नव्हती. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन ते गावोगाव फिरले. शेतकऱ्याच्या घरात किती येतं, किती जातं, किती उरतं, याची नोंद केली.

मुंबईची प्रॅक्टिस मागं पडली ती कायमचीच.

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. गांधीजींना अटक झाल्यावर यंग इंडिया चालवायची जबाबदारी कुमारप्पांवर आली. लेखणी इतकी धारदार होती की सरकारने त्यांनाही तुरुंगात टाकलं. १९३१ मध्ये ब्रिटन आणि भारत यांच्यातल्या आर्थिक देण्याघेण्याचा हिशोब करायला काँग्रेसने समिती नेमली, तिचे संयोजकही कुमारप्पाच होते.

गांधीजींनाही सूट नाही

१५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. देशभरातून मदतीचा पैसा आला. राजेंद्र प्रसाद मदतकार्याचे प्रमुख होते आणि पै-पैचा हिशोब ठेवायला कुमारप्पांना बोलावलं गेलं.

कुमारप्पांनी कार्यकर्त्यांच्या जेवणाचा रोजचा खर्च ठरवून दिला. एका आण्याने जास्त नाही. अशात गांधीजी आपल्या माणसांसोबत पाटण्याला आले. आता गांधीजींच्या मंडळींचा खर्च कुणी अडवेल का?

कुमारप्पांनी अडवला. हा पैसा भूकंपात घर गेलेल्यांसाठी आहे, पाहुण्यांच्या जेवणासाठी आणि मोटारीच्या पेट्रोलसाठी नाही, असं त्यांनी गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांना स्पष्ट सांगितलं. इतकंच काय, हिशोबाच्या कामात असताना खुद्द गांधीजी भेटायला आले, तर आधी वेळ ठरलेली नाही म्हणून भेटायलाही नकार दिला.

गांधीजी चिडले नाहीत. उलट असा माणूस त्यांना हवाच होता. तंजावरच्या अंगणात शिकलेला धडाच इथं चालला होता. गरजूंच्या वाट्याच्या पैशाला हात लावायचा नाही, मग समोर कुणीही असो.

मगनवाडीत काय सुरू झालं?

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. अध्यक्ष होते श्रीकृष्णदास जाजू आणि सगळा गाडा हाकायला सचिव म्हणून कुमारप्पा. जागा दिली जमनालाल बजाज यांनी. त्यांची वर्ध्यातली बाग आणि तिथलं घर. गांधीजींचे जवळचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावावरून त्या जागेचं नाव पडलं मगनवाडी. गांधीजी स्वतः १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला जाण्याआधी इथंच मुक्कामाला होते.

मगनवाडीत कुमारप्पांनी खेड्यातला एकेक धंदा हातात घेतला. लाकडी घाण्यावर तेल, हातकागद, मधमाशीपालन, ताडाच्या रसाचा गूळ, साबण, कुंभारकाम. जुनं ते सोनं म्हणून तसंच ठेवलं नाही. घाणा बैलाला कमी जड कसा जाईल, चुलीचा धूर बाईच्या डोळ्यात कसा जाणार नाही, याचे प्रयोग केले. मगन चूल ही बिनधुराची चूल इथलीच. रॉकेल परदेशातून यायचं, म्हणून गावातल्याच तेलावर जळणारा मगन दीप हा कंदील इथंच तयार झाला.

आज लाकडी घाण्याचं तेल बाटलीत भरून महागात विकलं जातं, सोशल मीडियावर त्याचे रील येतात. ते चांगलं का, आणि ते गावातच का निघायला हवं, हे वर्ध्यातून नव्वद वर्षांपूर्वी सांगून झालंय.

३० डिसेंबर १९३८, म्हणजे नाताळच्याच आठवड्यात, गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचं उद्घाटन झालं. खेड्यातल्या कारागिरांच्या वस्तू आणि अवजारं मांडणारं हे संग्रहालय आजही वर्ध्यात उभं आहे. १९३९ मध्ये त्यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या ६०६ गावांच्या पाहणीवर आधारलेला अहवाल सरकारला दिला. म्हणजे विदर्भातल्या खेड्यांचा पैसा कुठून येतो आणि कुठं गळतो, हे त्यांनी गावात जाऊन तपासलं होतं.

या कामात त्यांचे धाकटे भाऊ भारतन कुमारप्पाही वर्ध्यात त्यांच्यासोबत होते. पुढं गांधीजींचं समग्र लेखन छापायचं ठरलं तेव्हा त्याचे पहिले मुख्य संपादक हेच भारतन. आणखी एक भाऊ, जे. एम. कुमारप्पा, मुंबईत टाटा समाज विज्ञान संस्थेचे संचालक झाले. एकाच आईच्या हाताखालची ही तीन पोरं. हा काही निव्वळ योगायोग नव्हता.

चर्चशी भांडण, येशूशी नाही

गांधीजींसोबत गेल्यामुळं कुमारप्पांनी धर्म सोडला का? अजिबात नाही. ते शेवटपर्यंत ख्रिस्ती राहिले. पण त्यांनी एक अडचणीचा प्रश्न विचारला. येशूने शेजाऱ्यावर प्रेम करायला आणि हिंसा न करायला शिकवलं. मग निःशस्त्र सत्याग्रहींवर लाठ्या पडत असताना चर्च सरकारच्या बाजूने का उभं आहे?

यावरून १९३० मध्ये कलकत्त्याचे बिशप फॉस वेस्टकॉट यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. स्वतःच्याच समाजात ते अनेकांना नकोसे झाले. लहानपणापासून ज्या चर्चमध्ये वाढलो, तिथल्याच माणसांनी पाठ फिरवणं सोपं नसतं. पण ते मागं हटले नाहीत.

१९४२ च्या आंदोलनानंतर त्यांना पुन्हा तुरुंगात जावं लागलं. जबलपूरच्या तुरुंगात तब्येत ढासळली, रक्तदाबाने पिच्छा पुरवला. पण तिथंच त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. एक येशूच्या आचरणावर आणि शिकवणीवर. दुसरं होतं इकॉनॉमी ऑफ परमनन्स, म्हणजे टिकाऊ अर्थव्यवस्था. दोन्हीला गांधीजींनी प्रस्तावना दिली आणि गमतीने त्यांना दोन पदव्याही देऊन टाकल्या. एक धर्मशास्त्राची डॉक्टरेट आणि दुसरी ग्रामोद्योगाची.

सगळ्यात वरची पायरी आईची

आता मुद्द्याची गोष्ट.

कुमारप्पांनी इकॉनॉमी ऑफ परमनन्समध्ये अर्थव्यवस्थेच्या पाच पायऱ्या सांगितल्या आणि त्या समजावल्या त्या प्राणी-पक्ष्यांवरून.

सगळ्यात खाली वाघ. तो दुसऱ्याला मारून खातो, म्हणजे ज्याच्यावर जगतो त्यालाच संपवतो.

त्याच्या वर माकड. ते आमराईत शिरतं, फळं खातं, पण झाड लावत नाही. झाड मात्र जिवंत राहतं, एवढाच फरक.

तिसरा पक्षी. स्वतःच्या कष्टाने घरटं बांधतो आणि त्यात राहतो.

चौथी मधमाशी. ती एकटीसाठी नाही, सगळ्या पोळ्यासाठी मध गोळा करते.

आणि सगळ्यात वर कोण? पिल्लांना चारा भरवणारी आई. ती रानोमाळ फिरते, जीव धोक्यात घालते आणि बदल्यात काहीच मागत नाही. या अर्थव्यवस्थेला त्यांनी सेवेची अर्थव्यवस्था म्हटलं आणि माणसाने पोहोचायला हवं ते इथं, असं मांडलं.

गंमत बघा. हा माणूस आयुष्यभर अविवाहित राहिला. त्याला ना बायको ना पोरंबाळं. जगातल्या नामांकित विद्यापीठात शिकला. पण अर्थव्यवस्थेचं सगळ्यात उंच उदाहरण शोधताना तो बँकेत गेला नाही की कारखान्यात गेला नाही. तो घरात गेला, आई आणि लेकरापाशी.

यातून त्यांचा दुसरा विचार निघतो. आपण एखादी वस्तू विकत घेतो तेव्हा फक्त पैसे देऊन मोकळे होत नाही. ती वस्तू कशी तयार झाली याची जबाबदारीही आपल्यावर येते. यासाठी त्यांनी कोकोचं उदाहरण दिलं होतं. आफ्रिकेतल्या मजुरांना राबवून पिकवलेला कोको साम्राज्याच्या ताकदीवर समुद्रापार येतो आणि शेवटी घरातल्या कपात पडतो. तो पिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण त्या साखळीत त्याचाही हात लागलेला असतो.

आजच्या नाताळच्या चॉकलेट केककडं या नजरेने बघितलं तर कोकोच्या बागांत राबणाऱ्या लहान पोरांचा प्रश्न आठवतो. पश्चिम आफ्रिकेतल्या कोको शेतीतली बालमजुरी हा आजही जगभरात चर्चेचा विषय आहे. एका घरातलं पोरगं केक खातं, त्यासाठी दुसऱ्या घरातलं पोरगं शाळा सोडून राबतं. कुमारप्पांचा हिशोब म्हणूनच जुना होत नाही.

शेवट

स्वातंत्र्य मिळालं. देशात मोठी धरणं आणि मोठे कारखाने यांची स्वप्नं रंगली. कुमारप्पा म्हणत राहिले की खेड्याला विसरू नका. जमीन सुधारणांसाठी काँग्रेसने नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते आणि १९४९ मध्ये अहवालही दिला. पण दिल्लीला हळूहळू त्यांची अडचण व्हायला लागली. स्वभाव तापट, शब्द टोकदार, तडजोड माहीत नाही. लोक दुरावले.

त्यांनी दिल्लीकडं पाठ फिरवली आणि वर्धा जिल्ह्यातल्याच सेलडोह गावात १९५१ मध्ये पन्नै आश्रम काढला. तमिळमध्ये पन्नै म्हणजे शेत. साठीच्या उंबरठ्यावर उभा असलेला अर्थतज्ज्ञ विदर्भाच्या मातीत शेतीचे प्रयोग करायला लागला. पण तब्येतीने साथ दिली नाही. पुढं ते मदुराईजवळच्या कल्लुपट्टी गावातल्या गांधी निकेतन आश्रमात राहायला गेले.

तिथल्या खोलीत त्यांनी एका गरीब खेडूताचा फोटो लावला होता. गांधीजी माझे मालक आणि हा खेडूत माझ्या मालकाचा मालक, असं ते येणाऱ्यांना सांगायचे.

३० जानेवारी १९६० ला मद्रासमध्ये त्यांचं निधन झालं. गांधीजी गेले त्याच तारखेला, १२ वर्षांनी.

मागं संपत्ती नव्हती, वारस नव्हता. वर्ध्यातलं संग्रहालय, काही पुस्तकं आणि एक प्रश्न एवढंच राहिलं. आपल्या ताटात जे आलंय त्यात कुणाचा वाटा आहे?

हा प्रश्न त्यांना कोलंबिया विद्यापीठाने दिला नव्हता. तो एस्थर नावाच्या एका आईने दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांकडं बोट दाखवून दिला होता.

यंदाच्या नाताळात, किंवा दिवाळीत, किंवा ईदला, घरातली पोरं काय मिळणार म्हणून विचारतीलच. खाऊ द्या, कपडे द्या, खेळणी द्या. फक्त त्या सोबत पोरांच्या हाताने दुसऱ्या कुणाला तरी काहीतरी देऊन बघा.

एका घरात असं झालं होतं. त्याचा हिशोब अजून वर्ध्यात मांडलेला आहे.